संकरित अमॅरिलिस : चार हंगाम सांभाळून झाल्यावर

हडपसरला माझं पिको-फॉलचं दुकान आहे. सणासुदीला दिवसाकाठी वीस-पंचवीस साड्या हाताखालून जातात. साडीच्या रंगाचा दोरा जुळवायचा, कड दुमडायची आणि टाका असा बारीक घालायचा की काठ आवळला जाऊ नये, हे काम मी बावीस वर्षं करते आहे. त्यामुळे २०२१ च्या डिसेंबरात मोबाइलवर ‘पिकोटी’ नावाचं अमॅरिलिस, म्हणजे कंदापासून येणारं एक फुलझाड, दिसलं तेव्हा माझी नजर आधी नावावर अडकली आणि मग फोटोवर. पांढरंशुभ्र फूल, घशात जरासा पोपटी रंग आणि सहाही पाकळ्यांच्या कडेने लाल दोऱ्याचा पिको. एका कंदाची किंमत साडेचारशे रुपये. तेवढ्यात गुलाबाची चार कलमं आली असती. मी पिकोटीच मागवली.

आज गच्चीवर अमॅरिलिसच्या तेवीस कुंड्या आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानाच्या काउंटरवर एक तरी फुललेली कुंडी असतेच, आणि साडी टाकायला आलेली बाई हात लावून विचारतेच, “काकू, खरं आहे का हो हे?” मग पुढचे प्रश्न ठरलेले. कुठून घेतलं, केवढ्याला, पुण्यात टिकतं का, पुढच्या वर्षी परत फुलतं का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विकणारे देत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगते. पहिल्या वर्षीच्या फुलावरून कोणत्याही जातीचं कौतुक करू नका. अमॅरिलिसच्या कंदात साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा धरतो, आणि तो आतल्या आत वाढून बाहेर यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणजे डिसेंबरात आणलेल्या कंदाला फेब्रुवारीत जे फूल येतं ते ज्याने कंद वाढवला त्याच्या शेतात केव्हाच तयार झालेलं असतं. आपण फक्त पाणी घातलेलं असतं. पुढची फुलं मात्र आपली माती, आपलं ऊन आणि आपण राखलेली पानं यांच्यावर येतात. खाली जे बरं-वाईट लिहिलं आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या हिशेबाने.

लाल लिली, म्हणजे याच अमॅरिलिसचं जुनं रूप, आपल्याकडे काही नवी नाही. भोरला आईच्या अंगणात तुळशीमागे तिचं एक बेटच होतं. वर्षभर कुणी बघायचं नाही, आणि वळवाची एखादी सर पडून गेली की चार-पाच दिवसांत दांडे वर. लाल फूल, प्रत्येक पाकळीवर मधोमध पांढरी रेघ. ती कुणी विकत आणलेली नव्हती. गल्लीतल्या एकीने दुसरीला कंद दिला, असं करत ती घरोघरी गेली होती. अशा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पहिला संकर इंग्लंडमधल्या प्रेस्कॉट गावच्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने १७९९ साली दोन दक्षिण अमेरिकी जातींमधून केला. हे कळलं तेव्हा मला त्या माणसाविषयी फार जवळीक वाटली. दिवसभर घड्याळाच्या चक्रांत चिमटा चालवणारा हात. परागकण उचलून दुसऱ्या फुलावर ठेवायला असाच हात लागतो.

झाडाचं शास्त्रीय नाव खरं तर हिप्पीॲस्ट्रम. नुसतं ‘अमॅरिलिस’ म्हणायचं तर ते दक्षिण आफ्रिकेतलं निराळं झाड. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८७ साली हा जुना वाद मिटवला, पण पाकिटावर अजून अमॅरिलिसच छापून येतं, म्हणून मीही तेच लिहिते.

आईकडच्या लिलीत आणि या नव्या संकरांत फरक काय, तर पाकळी दोन बोटांत धरून बघा. आईकडची मलमल होती. ही अस्तर लावलेलं साटीन आहे. जंगली जातींत बहुधा बावीस गुणसूत्रं असतात आणि आजच्या बहुतेक मोठ्या फुलांच्या डच जातींत त्याच्या दुप्पट, चव्वेचाळीस. पाकळीची जाडी, फुलाचा आकार, दांड्याचा दणकटपणा यात ते दिसतं. माझ्या रेड लायन या लाल जातीचं फूल टेपने मोजलं तर कडेपासून कडेपर्यंत अठरा सेंटीमीटर भरलं.

टेपवरून खरेदीचं सांगते. कंदाचा भाव घेरावर ठरतो. पाकिटावर २४/२६, २८/३०, ३४/३६ असे आकडे असतात, तो कंदाचा सेंटीमीटरमधला घेर. मोठ्या कंदाला दोन, कधी तीन दांडे येतात. लहानाला एक, नाहीतर नुसती पानं. दुसऱ्या वर्षी मी एका ऑनलाइन दुकानातून २८/३० म्हणून सहा कंद मागवले. शिवणकामाची टेप माझ्या गळ्यातच असते. गुंडाळली तर दोन कंद सत्तावीस भरले, तीन चोवीस आणि एक बावीस. वर मुळं पार बुडापासून छाटलेली. टेप लावलेले फोटो पाठवले तर ‘वाहतुकीत कंद सुकतो’ असं उत्तर आलं. थोडा सुकतो हे मला मान्य आहे, पण सहा-आठ सेंटीमीटर सुकत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. त्यातला बावीसवाला कंद ‘एल्व्हास’ म्हणून पाठवलेला होता. एल्व्हास म्हणजे पांढरी, भरगच्च पाकळ्यांची, कडेला डाळिंबी फराटे असलेली. त्या कंदाने पहिल्या वर्षी फूलच दिलं नाही. मी सव्वा वर्ष त्याची पानं जपली, आणि दुसऱ्या वर्षी कळी फुटली ती साधी लाल. ते दुकान मी सोडलं. आता हातात घेऊन बघता येतील असेच कंद घेते. घट्ट आणि हाताला जड लागणारा, मानेशी बुरशी नसलेला, बुडाशी थोडी तरी जिवंत मुळं असलेला कंद चांगला. टेप बरोबर नेते आणि दुकानदारासमोर लावते.

आता जाती. रेड लायनवर फार लिहीत नाही. जुनी जात, लाल, भरवशाची. तीनही वर्षं न चुकता फुलली. अमॅरिलिस कधीच लावलं नसेल तर हिच्यापासून सुरुवात करा, पैसे वाया जाणार नाहीत.

पिकोटीही तशी जुनी, पण माझ्यासाठी सगळं तिच्यापासून सुरू झालं. तिचं फूल उमलायला जवळजवळ दोन दिवस घेतं. पहिल्या सकाळी कळी हिरवट-पांढरी असते आणि लाल कड दिसतही नाही, कारण पाकळ्या एकमेकींवर दुमडलेल्या असतात. दुपारी टोक सुटतं आणि एका बाजूने रेघ डोकावते. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल पूर्ण उघडलेलं असतं. सुईत दोरा ओवायला मी भिंग वापरते. ते घेऊन मी पहिल्याच फुलासमोर बसले. लांबून अखंड दिसणारी ती रेघ जवळून अखंड नाही. पाकळीतल्या बारीक शिरा कडेपर्यंत येतात, आणि जिथे शीर कडेला मिळते तिथे लाल रंग दाट साचलेला असतो. दोन शिरांच्या मध्ये तो किंचित फिका. टाका, फट, टाका, फट. पाकळीच्या टोकाशी, जिथे ती वळते, तिथे रंग जाड होतो. आम्हीही साडीच्या कोपऱ्यावर टाका दोनदा फिरवतो, नाहीतर तिथूनच उसवतं. मशीनवर बसून मी आजवर किती हजार कडा केल्या असतील, पण अशी कड मला घालता आलेली नाही. दुकान उघडायचं राहिलं त्या सकाळी.

दुसऱ्या वर्षी पिकोटीने दोनऐवजी एकच दांडा दिला, चार फुलांचा. फूल थोडं लहान, पण रेघ तशीच रेखीव. तिसऱ्या वर्षी उशिरा, मार्चअखेरीस फुलली, तेव्हा उन्हाने दोन दिवसांत पाकळ्या पारदर्शक होऊन गेल्या. म्हणून तिला जानेवारीतच जागी करायची आणि फुलल्यावर सावलीत आणायची. पुन्हा घेईन का, तर हो.

डान्सिंग क्वीन दुहेरी पाकळ्यांची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. लोक तिलाच आधी हात लावतात. काउंटरवर ठेवली की रस्त्यावरून जाणारे थांबतात. दुहेरी फुलात काय होतं ते मला तिच्यामुळे समजलं. एका फुलाच्या मधली पाकळी सोडवून पाहिली, तर तिच्या एका कडेला पुंकेसराची पिवळी परागपिशवी चिकटलेली होती आणि दुसरी कड पाकळीसारखी पसरलेली. पुंकेसरच पाकळी व्हायला निघालं आणि अर्ध्यावर राहिलं, असं. ज्या जास्तीच्या पाकळ्या आपण मोजतो त्या बऱ्याचशा मुळात पुंकेसर असतात. फूल टिकतंही जास्त. माझ्याकडे साधं एकेरी फूल पाच-सहा दिवस राहतं, हे नऊ दिवस राहिलं.

पण डान्सिंग क्वीनचं वजन मोठं आहे आणि दांडा आतून पोकळ. वाऱ्याने कुंडीसकट आडवी होते. मोडलेला दांडा मी फेकत नाही. उलटा धरून त्यात पाणी भरते, एक बारीक काठी आत सरकवते, कापसाचा बोळा लावते आणि बाटलीत ठेवते. आठवडाभर चांगला राहतो. दुसऱ्या वर्षी तिने निम्म्याच पाकळ्या दिल्या, तिसऱ्या वर्षी नुसती पानं. सातशे रुपयांच्या कंदाकडून माझी अपेक्षा जास्त होती. ज्यांना एका हंगामाची शोभा हवी आहे त्यांनी जरूर घ्यावी. वर्षानुवर्षं सांभाळायची असेल तर मी सुचवणार नाही.

माझी सगळ्यांत लाडकी एव्हरग्रीन. ही सिबिस्टर गटातली. सिबिस्टर ही बोलिव्हियातली जंगली जात, अरुंद, लांब, मागे वळलेल्या पाकळ्यांची, कोळ्याच्या पायांसारखी दिसणारी. तिच्या संकरांतून अशा बारीक पाकळ्यांच्या जाती आल्या, आणि गेल्या काही दशकांत या फुलात जे खरं नवं घडलं आहे ते मला तरी इथेच दिसतं. फूल मोठं करत न्यायचं हे दोनशे वर्षं चाललंच आहे. इथे कुणीतरी फूल हलकं केलं. एव्हरग्रीनचा रंग कोवळ्या कैरीचा आतला गर असतो तसा, पोपटीत थोडा पांढरा मिसळलेला. पाकळ्या बोटाएवढ्या रुंद. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “अगं, अजून कळीच आहे, रंग यायचाय.” संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यांनी स्वतःच मला हाक मारून बोलावलं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ते फूल आतून उजळल्यासारखं दिसत होतं. तेव्हापासून त्यांच्या खोलीच्या खिडकीत एक एव्हरग्रीन असते.

कंद लहान असूनही तिने पहिल्या वर्षी तीन दांडे दिले, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी परत तीन, आणि शेजारी दोन पिल्लं. दांडा बारीक पण ताठ, काठी लागत नाही. माझी नणंद पनवेलला असते. तिथे थंडी नावालाच. तिच्याकडे दिलेल्या कंदांत रेड लायन आणि एव्हरग्रीन याच दोघी नेमाने फुलतात. पाचशे रुपयांत यापेक्षा जास्त समाधान मला कोणत्याच कंदाने दिलेलं नाही.

पॅपिलिओ संकरित नाही. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या जंगलातली आहे, झाडांवर वाढणारी. पण शिरा उठून दिसणाऱ्या बऱ्याच नव्या संकरांत तिचा रंग उतरला आहे, म्हणून तिचा उल्लेख करते. हिरवट पाकळीवर मरून रेघा, पंख पसरलेल्या फुलपाखरासारख्या. तिच्या बाबतीत मी चूक केली. इतर कंदांसारखंच तिचं पाणी हिवाळ्यात पूर्ण तोडलं. तिला पानं गाळायची सवयच नाही. दोन वर्षं रुसली. आता तिला बारा महिने थोडं थोडं पाणी देते, आणि यंदा फेब्रुवारीत दोन फुलं आली. बाकीच्यांच्या रांगेत तिला ठेवू नका.

जपणूक पुण्याच्या हवेत अवघड नाही. कंदापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच मोठी कुंडी, कंदाचा वरचा भाग मातीबाहेर, आणि पाणी झिरपून जावं म्हणून मातीत निम्मी तरी वाळू. बाकी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. फूल गेलं की लोक कुंडी कोपऱ्यात सारतात, तिथेच पुढचं फूल हातचं जातं. फूल गेल्यापासून सप्टेंबरपर्यंत जेवढी पानं तेवढी पुढची फुलं. एका जुलैत रात्रीतून पिकोटीची पाचही पानं बुंध्यापर्यंत खाल्ली गेली. काळी अळी, अंगावर पांढरे ठिपके आणि लालसर पट्टे, कळलावीवर येते तीच. औषध मारायला सवड मिळत नाही, म्हणून आता पावसाळ्यात सकाळी सहाला टॉर्च घेऊन पानांच्या खालची बाजू बघते आणि हातानेच वेचते. पिकोटीच्या तिसऱ्या वर्षाच्या उशिराचं कारण मला वाटतं तेच.

दुसरा त्रास लाल चट्ट्यांचा. पानावर, दांड्यावर कुंकवाचं बोट लागल्यासारखे डाग पडतात. ही बुरशी आहे. डाग दिसताच पान कापायचं, कात्री धुवायची, आणि पाणी पानांवर न घालता मातीत घालायचं. संततधार पावसात सगळ्या कुंड्या जिन्याखाली येतात.

दसऱ्यानंतर पाणी कमी करत दिवाळीला बंद करते. कुंड्या आडव्या करून जिन्याखालीच ठेवते. डिसेंबरात इथे रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेवढी थंडी त्यांना पुरते. फ्रिजची गरज पडत नाही. कुणी ठेवणारच असेल तर त्यात सफरचंद-केळी नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. आणि कंद कुंडीतून काढलेच तर त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. ते कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात. आमच्याकडे एकदा एक कंद कांद्याच्या टोपलीत गेला होता. मुलीने चिरायला घेतला तेव्हा चिकट रस आला म्हणून ती थांबली. त्यानंतर कंद स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येत नाहीत.

२०२२ च्या फेब्रुवारीत पिकोटी आणि डान्सिंग क्वीन एकाच वेळी फुलल्या होत्या. डान्सिंग क्वीनच्या त्या अर्धवट पाकळीवरचे परागकण मी काज करायच्या सुईच्या टोकावर घेतले आणि पिकोटीच्या लांब, टोकाशी तीन फाटे झालेल्या स्त्रीकेसरावर टेकवले. त्याआधी पिकोटीची स्वतःची सहाही पुंकेसरं उमलतानाच काढून टाकली होती. दहा दिवसांत देठाशी गाठ फुगली. महिना-सव्वा महिन्यात ती तीन कप्प्यांची शेंग पिवळी पडून तडकली. आत काळ्या, कागदासारख्या पातळ बियांच्या चवडी, टिकल्यांच्या पाकिटासारख्या रचलेल्या. फुंकर लागली तर उडतील. वाटीभर पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि तीन आठवड्यांत बऱ्याच बियांना पांढरं मूळ फुटलं. त्यातली एकोणीस रोपं वाचली.

बीपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि दोन रोपं एकसारखी फुलतीलच असं नाही. लाल कड येईल, पट्टे येतील, की दोन्हीतलं काहीच नाही, ते फुलल्यावरच कळेल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा वरची माती बोटाने बाजूला करून मी त्यांना टेप लावते. मागच्या रविवारी सर्वांत मोठ्याचा घेर एकोणीस सेंटीमीटर भरला.